पटकीचा माग

इंग्लंडच्या उत्तर भागात ऊझ नदीच्या काठी यॉर्क नावाचे एक प्राचीन शहर आहे. या शहरातील नदीकाठच्या एका गरीब वस्तीत १५ मार्च १८१३ रोजी जॉन स्नो याचा जन्म झाला. त्याचे वडील कोळशाच्या वखारीत मजुरी करीत. नऊ भावंडांत जॉन सर्वांत थोरला. घरची स्थिती बेताची असली, तरी मुलाची बुद्धी पाहून आईवडिलांनी त्याला शाळेत घातले. त्याला गणिताची विशेष गोडी होती. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसल येथील हार्डकॅसल नावाच्या शस्त्रवैद्याकडे उमेदवारीसाठी पाठविण्यात आले. त्या काळी वैद्यकाचे पहिले धडे असे एखाद्या वैद्याच्या हाताखाली राहूनच गिरवावे लागत.

जॉन तेथे शिकत असतानाच, १८३१ साली, पटकीच्या रोगाने इंग्लंडच्या किनाऱ्यावर प्रथम पाऊल ठेवले. पटकी म्हणजेच कॉलरा. या रोगात जुलाब आणि वांत्या यांमुळे शरीरातील पाणी इतक्या झपाट्याने निघून जाते की, सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. आज मीठ-साखरेचे पाणी वेळीच पाजले आणि जरूर पडल्यास शिरेतून सलाइन दिले, तर बहुतेक रोगी वाचतात. त्या काळी हे उपाय रूढ झालेले नव्हते. आपल्याकडे यात्रेच्या गावी पटकी उद्भवली म्हणजे माणसे घरदार सोडून रानात राहावयास जात, असे माझी आजी सांगत असे. १८१७ सालानंतर हा रोग बंगालमधून बाहेर पडून देशोदेशी पसरत गेला होता, आणि आता तो न्यूकॅसलजवळच्या संडरलँड बंदरात येऊन पोचला होता.

किलिंगवर्थ येथील कोळशाच्या खाणीत साथ पसरली, तेव्हा हार्डकॅसल यांनी तेथील मजुरांच्या शुश्रूषेसाठी अवघ्या अठरा वर्षांच्या जॉनला पाठविले. त्याने रात्रंदिवस रोग्यांची सेवा केली. परंतु उपाय म्हणून देण्यासारखे त्याच्याजवळ काहीच नव्हते. मजूर दिवसच्या दिवस जमिनीच्या पोटात राबत. तेथे हात धुण्याची सोय नसे, शौचकूप नसे, आणि शिदोरी मात्र तेथेच बसून खावी लागे. खाणीतील मजुरांच्या या राहणीविषयी स्नो यांनी पुढे आपल्या ग्रंथात आवर्जून लिहिले.

१८३६ साली जॉन लंडनला गेला. हा सारा प्रवास त्याने वाट वाकडी करून, वेल्स प्रांतातून, बव्हंशी पायी केला. लंडनच्या वैद्यकीय शाळेत त्याने अभ्यास पुरा केला आणि १८४४ साली लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळविली. मजुराचा मुलगा डॉक्टर झाला. डॉक्टर स्नो यांची राहणी अतिशय साधी होती. त्यांनी लग्न केले नाही. ते मद्याला शिवत नसत आणि बरीच वर्षे शाकाहारी होते.

लंडनमध्ये त्यांचे नाव झाले ते मात्र वेगळ्याच कामामुळे. १८४६ च्या अखेरीस ईथर हुंगवून रोग्याला भूल देण्याची युक्ती अमेरिकेतून इंग्लंडमध्ये आली. डॉक्टर भूल देऊ लागले खरे, परंतु ती अंदाजाने. कोणाला ती पुरत नसे, तर कोणाच्या जिवावर बेते. किती उष्णतेला किती ईथर हवेत मिसळते, हे स्नो यांनी मोजून पाहिले, मोजून भूल देण्याचे उपकरण तयार केले आणि पुढे क्लोरोफॉर्मचाही असाच अभ्यास केला. १८५३ साली राजपुत्र लिओपोल्ड याच्या जन्माच्या वेळी राणी व्हिक्टोरियाला क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले. एखाद्याने एवढ्या यशावर समाधान मानून स्वस्थ आयुष्य घालविले असते.

परंतु १८४८ साली पटकी पुन्हा इंग्लंडमध्ये आली. या साथीत एकट्या लंडन शहरात सुमारे १४ हजार माणसे मृत्यू पावली. हा रोग दुर्गंधीने दूषित झालेल्या हवेतून होतो, असे त्या वेळचे बहुतेक सर्व विद्वान मानीत. स्नो यांना हे पटेना. विष हवेतून येत असेल, तर ते प्रथम फुप्फुसांना बाधले पाहिजे. परंतु पटकीचा आरंभ पोटापासून होतो. त्याअर्थी रोगाचे बीज तोंडावाटे पोटात जात असले पाहिजे, आणि रोग्याच्या मैल्याने दूषित झालेले पाणी हीच त्याची मुख्य वाट असली पाहिजे, असे अनुमान त्यांनी बांधले. १८४९ साली त्यांनी एक छोटेसे पुस्तक लिहून आपले म्हणणे मांडले. विद्वानांनी ते ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले.

विद्वानांचा आक्षेप समजून घेण्यासारखा आहे, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. सरकारच्या नोंदणी कचेरीत विल्यम फार नावाचे एक थोर संख्याशास्त्रज्ञ होते. इंग्लंडमध्ये कोण, कोठे आणि कशाने मेले, याचे तक्ते ते मोठ्या काळजीने तयार करीत. वस्ती नदीपासून जितकी उंचावर, तितके पटकीचे मृत्यू कमी, असे त्यांच्या तक्त्यांत दिसून आले होते. आता नदीलगतच्या सखल भागात पाणी घाण असते हे खरे. पण हवाही तेथेच कोंदट असते, घरे दाटीची असतात आणि राहणारी माणसे गरीब असतात. मग दोष पाण्याचा, हवेचा, दाटीचा की दारिद्र्याचा? चार चोर एकाच वाटेने गेले, तर नेमके कोणत्या पावलाचे ठसे कोणाचे, हे कसे ओळखावे?

हे ओळखण्याची एकच खात्रीची रीत होती. हवा, घरे, वस्ती, धंदा, वय हे सारे ज्यांचे सारखेच आहे आणि केवळ पाणी निराळे आहे, असे लोकांचे दोन मोठे समूह घ्यावयाचे आणि त्यांची तुलना करावयाची. परंतु असे समूह कोठून आणावे? तुम्ही घाण पाणी प्या आणि तुम्ही स्वच्छ प्या, असे माणसांना सांगता येत नाही, सांगू नयेही.

हा योग लंडनमध्ये आपोआपच जुळून आला होता. थेम्स नदीच्या दक्षिणेकडील वस्तीला दोन कंपन्या नळाने पाणी पुरवीत. एक लॅम्बेथ कंपनी आणि दुसरी साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनी. पूर्वी दोघींत मोठी चढाओढ असल्यामुळे एकाच रस्त्यावरून दोघींचेही नळ गेलेले होते. या घराला एका कंपनीचे पाणी, तर शेजारच्या घराला दुसरीचे, असा प्रकार होता. दोन्ही कंपन्या शहराच्या गटारांनी घाण झालेलेच पाणी नदीतून उचलीत. परंतु १८५२ साली लॅम्बेथ कंपनीने आपले पाणी उचलण्याचे ठिकाण बदलले आणि ते नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटन येथे नेले. तेथवर ना शहराची घाण पोचे, ना समुद्राच्या भरतीचे पाणी. दुसरी कंपनी मात्र पूर्वीच्याच जागी, बॅटर्सी येथे राहिली. अशा रीतीने श्रीमंत आणि गरीब, लहान आणि थोर, सर्व थरांतील तीन लाखांहून अधिक माणसे, त्यांच्या नकळत, दोन गटांत विभागली गेली. हवा तीच, गल्ली तीच. फक्त पाणी निराळे.

१८५४ च्या उन्हाळ्यात साथीने पुन्हा उचल खाल्ली. ही संधी स्नो यांनी ताबडतोब ओळखली. फार यांचे मत विरुद्ध होते. तरी पटकीने मेलेल्यांचे पत्ते त्यांनी स्नो यांना मोकळ्या मनाने दिले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे पत्ते घेऊन स्नो स्वतः दक्षिण लंडनच्या गल्ल्या तुडवू लागले. ज्या घरात मृत्यू झाला त्या घराचे दार ठोठवावयाचे, आणि तुमच्याकडे कोणत्या कंपनीचे पाणी येते, एवढेच विचारावयाचे.

पण पुष्कळांना ते सांगता येईना. पाणीपट्टी घरमालक भरी, तो दुसरीकडे कोठेतरी राही, आणि भाडेकरूला कंपनीचे नावही ठाऊक नसे. हे काम येथेच अडून बसावयाचे. परंतु स्नो यांनी एक युक्ती शोधून काढली. बॅटर्सीपर्यंत भरतीचे पाणी येत असल्यामुळे तेथील पाण्यात मीठ फार असे. स्नो यांनी मोजून पाहिले तेव्हा थेम्स डिटनच्या एक गॅलन पाण्यात एक ग्रेनपेक्षाही कमी मीठ निघाले, तर दुसऱ्या कंपनीच्या पाण्यात सुमारे ३८ ग्रेन निघाले. म्हणून ज्या घरी कंपनीचे नाव सांगता येत नसे, तेथून ते लहानशा कुपीत थोडे पाणी मागून घेत आणि कुपीवर पत्ता लिहून ती घरी आणीत. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले की, खारट पाणी दुधाळ होई आणि गोडे पाणी जवळजवळ तसेच राही. घरातले माणूस गेल्याच्या दुःखात बुडालेल्या बायामाणसांना हा डॉक्टर औषध देण्याऐवजी कुपीभर पाणी का मागतो, याचे नवल वाटत असेल.

साथीच्या पहिल्या चार आठवड्यांत या भागात ३३४ मृत्यू झाले. त्यांपैकी २८६ मृत्यू साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनीचे पाणी असलेल्या घरांत झाले होते आणि लॅम्बेथ कंपनीच्या घरांत अवघे १४. कामाचा व्याप वाढला तेव्हा व्हायटिंग नावाच्या एका वैद्यकाचे साहाय्य घेण्यात आले, आणि सात आठवड्यांचा हिशेब तयार झाला.

शाळेत शेकडेवारीची उदाहरणे सोडविताना मुले कंटाळतात, हे मी पुष्कळ वर्षे पाहिले आहे. त्यांनी हा हिशेब अवश्य मांडून पाहावा. सात आठवड्यांत साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनीच्या घरांत १,२६३ माणसे मेली, लॅम्बेथ कंपनीच्या घरांत ९८ आणि उरलेल्या साऱ्या लंडनमध्ये १,४२२. केवळ हेच आकडे पाहिले, तर उरलेले लंडनच सर्वांत वाईट असे वाटेल! परंतु त्या उरलेल्या लंडनमध्ये २,५६,४२३ घरे होती. साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनी ४०,०४६ घरांना पाणी देई आणि लॅम्बेथ कंपनी २६,१०७ घरांना. आता दर दहा हजार घरांमागे किती मृत्यू पडले ते काढा. साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनीच्या वाट्याला ३१५ येतात, उरलेल्या लंडनच्या वाट्याला सुमारे ५५, आणि लॅम्बेथ कंपनीच्या वाट्याला फक्त ३७. म्हणजे घाण पाणी पिणाऱ्या घरांत मृत्यूचे प्रमाण आठपटींहून अधिक होते. किती मेले हा अर्धा प्रश्न असतो. कितींपैकी मेले, हे विचारल्यावाचून तो पुरा होत नाही.

हे काम चालू असतानाच, ३१ ऑगस्टच्या रात्री, स्नो यांच्या घरापासून फार दूर नसलेल्या ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीचा स्फोट झाला. दहा दिवसांत त्या लहानशा टापूत पाचशेंवर माणसे दगावली. घरेच्या घरे ओस पडली. स्नो यांचा संशय रस्त्यावरील सार्वजनिक पंपावर गेला. ३ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांनी त्याचे पाणी तपासले. पण ते दिसावयास इतके स्वच्छ होते की, क्षणभर त्यांचाही निश्चय डळमळला. तेव्हा ते पुन्हा नोंदणी कचेरीकडे वळले. पहिल्या झपाट्यातील ८३ मृत्यूंची यादी त्यांना मिळाली. त्यांपैकी ७३ जण याच पंपाच्या जवळपास राहणारे होते. उरलेल्या दहांना दुसरा पंप जवळ होता. मग ते कसे मेले? चौकशीअंती कळले की, त्यांपैकी पाच जणांच्या घरी याच पंपाचे पाणी आवडीने आणवीत असत, आणि तीन मुले याच पंपाजवळच्या शाळेत जात असत. जवळ राहणाऱ्या ७३ पैकी ६१ जण हे पाणी पीत असल्याचे निश्चित समजले. सहा जण पीत नव्हते, असेही त्यांच्या घरच्यांनी सांगितले. स्नो यांनी तेही लिहून ठेवले.

मग त्यांनी उलट बाजूने शोध चालविला. पंपाच्या जवळ असूनही कोण वाचले? शेजारच्या गरीबखान्यात ५३५ माणसे राहत. त्यांतील पाचच पटकीने मेली. त्या इमारतीला स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यात सत्तराहून अधिक मजूर होते. त्यांतील एकही मेला नाही. तेही पंपाचे पाणी पीत नसत. याच्या उलट, कित्येक मैलांवरील हॅम्पस्टेड येथे, जेथे साथीचा मागमूस नव्हता, एक विधवा बाई पटकीने वारली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे. त्या पंपाच्या पाण्याची चव तिला इतकी आवडे की, गाडीतून रोज एक मोठी बाटली ती मागवून घेई. तिच्याकडे पाहुणी आलेली तिची पुतणीही ते पाणी प्यायली आणि आपल्या गावी जाऊन मरण पावली.

७ सप्टेंबरला संध्याकाळी त्या भागातील पंचांची सभा चालू होती. स्नो तेथे गेले आणि आपली माहिती त्यांनी सभेपुढे ठेवली. पंचांना ती पूर्णपणे पटली असेल असे नाही. पण दुसरा उपाय कोणापाशी होता? ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

दांडा काढला आणि साथ थांबली, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती तशी नाही. दांडा काढण्यापूर्वीच साथ उतरणीला लागली होती, कारण पुष्कळ लोक गाव सोडून गेले होते. आणि हे स्वतः स्नो यांनीच आपल्या ग्रंथात स्पष्ट नमूद केले आहे. आपल्या पक्षाला सोयीची असलेली गोष्ट त्यांनी वाजवीपेक्षा मोठी करून सांगितली नाही.

त्या भागातील हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण धर्मोपदेशकाला स्नो यांचे म्हणणे मुळीच मान्य नव्हते. ते खोडून काढावे म्हणून त्याने स्वतःच चौकशी सुरू केली. तो तेथील घर न् घर ओळखत होता. स्नो यांनी प्रामुख्याने मेलेल्यांची चौकशी केली होती. व्हाइटहेडने जगलेल्यांनाही विचारले. जसजशी त्याची वही भरत गेली, तसतशी त्याची खात्री पटत गेली की, स्नो यांचेच खरे आहे. एवढेच नव्हे, तर पंपासमोरच्या घरातील एक तान्ही मुलगी साथीच्या आधी तीन दिवस आजारी पडली होती आणि तिची दुपटी धुतलेले पाणी घरासमोरच्या मैलाखड्ड्यात टाकले जात होते, हे त्यानेच शोधून काढले. १८५५ साली तेथे खणून पाहण्यात आले. खड्डा आणि विहीर यांत तीन फुटांचेही अंतर नव्हते, आणि खड्ड्याच्या विटा निखळलेल्या होत्या. त्या मुलीचा बाप आजारी पडला तो दिवसही व्हाइटहेडच्या ध्यानात आला. तो ८ सप्टेंबर होता. त्याच दिवशी दांडा निघाला नसता, तर त्या विहिरीत पुन्हा विष उतरले असते.

१८५५ साली स्नो यांनी आपल्या पुस्तकाची मोठी आवृत्ती काढली. तिच्यात ब्रॉड स्ट्रीटचा नकाशा होता. ज्या घरात जितके मृत्यू, तितक्या काळ्या रेघा त्या घरापाशी काढलेल्या होत्या. या शोधासाठी आणि पुस्तकासाठी त्यांनी पदरचे दोनशेंहून अधिक पौंड खर्च केले. त्यांतले फारच थोडे परत आले. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचे अनुमान स्वीकारले नाही. रोगाचे बीज दाखवा, असे म्हटले असते तर ते स्नो यांना दाखविता आले नसते. इटलीतील पाचिनी या शास्त्रज्ञाने १८५४ सालीच सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पटकीचे जंतू पाहिले होते, पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. जंतू न पाहताच, केवळ मोजून आणि तुलना करून, स्नो त्याच्या वाटेपर्यंत पोचले होते.

१० जून १८५८ रोजी भूल देण्याच्या औषधांवरील आपला ग्रंथ लिहीत असताना स्नो यांना अर्धांगाचा झटका आला, आणि १६ जूनला, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते मरण पावले. एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने त्यांच्या निधनाची दोन-चार ओळींची बातमी छापली. तिच्यात क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, पटकीचा नव्हता.

आठ वर्षांनी, १८६६ साली, पूर्व लंडनमध्ये पटकीची साथ आली. मृत्यूचे तक्ते या वेळीही विल्यम फार यांच्यापुढे येत होते. ते एकाच पाणी कंपनीच्या हद्दीत दाटलेले पाहून त्यांनी पाण्याचीच चौकशी आधी केली, आणि उघड्या तळ्यातील न गाळलेले पाणी नळांत सोडले जात असल्याचे उघडकीस आले. पुढे १८८३-८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी इजिप्तमध्ये आणि नंतर आपल्या कलकत्त्यात संशोधन करून पटकीचे जंतू जगाला दाखविले. परंतु पूर्व लंडनच्या भिंतींवर, पाणी उकळल्यावाचून पिऊ नये, अशा सूचना १८६६ सालीच लागलेल्या होत्या.